वाई बघायची तर देवळाच्या पाठीपासून

वाईला येणाऱ्यांची एक ठरलेली पद्धत आहे. सुरूर फाट्याला महामार्ग सोडायचा, गणपती आळीत गाडी कुठेतरी घुसवायची, ढोल्या गणपतीपुढे हात जोडायचे, घाटावर दोन फोटो काढायचे आणि पसरणी घाटाने पाचगणी चढायची. पाऊण तासात वाई उरकते. देव भेटतो, गाव मात्र राहून जातं.

हे गाव कृष्णेकडे तोंड करून बसलं आहे. सात आळ्या आणि त्यांना लागून घाट: गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आळी आणि भीमकुंड आळी. देवळांची जागा, जोत्यांची उंची, भिंतींचा आकार, पायऱ्यांची संख्या हे सगळं पावसाळ्यातल्या पुराला धरून ठरलेलं आहे. म्हणून इथली फेरी दर्शनाच्या रांगेतून सुरू करू नये. ती पाण्याच्या कडेला, देवळाच्या पाठीमागून सुरू करावी. पुढे जे दिसेल त्याचा अर्थ तिथे लागतो.

एकूण फेरीला पाच तास धरावेत: वाईत तीन, मेणवलीला जायला आणि थोडं खायला अर्धा-पाऊण तास, आणि मेणवलीत दीड. फक्त वाईच बघायची असेल तर तीन तास पुरतात, पण मेणवली सोडू नये. पुण्याहून वाई सुमारे ९० किलोमीटर, साताऱ्याहून ३५. पुणे-महाबळेश्वर एसटी वाई स्टँडवर थांबते आणि स्टँडपासून घाटावर जायला रिक्षा लागत नाही. गाडीने येणाऱ्यांनी ती आळीत घालायचा मोह आवरावा. आळ्या बैलगाडीच्या रुंदीच्या आहेत. समोरून एक टेम्पो आला की पंधरा मिनिटं तिथेच गेली, आणि तेवढ्यात सकाळचं ऊन वर येतं.

आता वेळ. डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातच्या आसपास उगवतो, तेव्हा पावणेसातला घाटावर असावं. याचं कारण निसर्गशोभा नाही. काळ्या दगडावरचं कोरीव काम, टाकीचे घाव, सांधे, पुसट अक्षरं हे सगळं तिरप्या उन्हात उठून दिसतं. सूर्य डोक्यावर आला की तोच दगड सपाट काळा पत्रा होतो. शिवाय अकरानंतर हा काळा दगड, म्हणजे बेसॉल्ट, इतका तापतो की देवळाच्या फरसावर अनवाणी चालताना लोक उड्या मारतात. जाड सुती मोज्यांचा एक जोड खिशात ठेवला तर हा प्रश्न सुटतो. चपला अशा घालाव्यात की वाकून बंद सोडावे लागणार नाहीत, कारण त्या बऱ्याच वेळा काढाव्या लागतात. एक छोटी विजेरी, लिटरभर पाणी आणि वही-पेन्सिल, एवढं सामान पुरे.

गणपती आळीचा घाट

महागणपतीचं देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली बांधलं. मूर्ती अखंड पाषाणातली, अंगाने भरलेली, म्हणून लोकांनी तिला ढोल्या म्हटलं. ती बघायला मिळेलच. आधी देवळाला वळसा घालून गाभाऱ्याच्या मागे, नदीच्या अंगाला यावं.

गाभाऱ्याची मागची भिंत सरळ नाही. दोन्ही बाजूंनी निमुळती होत ती मध्ये टोकाला येते. गावात तिला मत्स्याकार भिंत म्हणतात. कृष्णा इथे धोमकडून, म्हणजे पश्चिमेकडून येते आणि देवळाची पाठ नेमकी त्या बाजूला आहे. सपाट भिंत पाण्याला आडवी उभी केली तर पुराचा सगळा रेटा तिच्यावर येतो. त्याहून वाईट म्हणजे भिंतीच्या दोन्ही कोपऱ्यांशी भोवरे तयार होतात आणि ते पायथ्याखालचा भराव उपसून नेतात. नदीकाठची बांधकामं पडतात ती बहुतेक वेळा याच उपशाने. वरची भिंत शाबूत असते आणि खालची जमीनच गेलेली असते. टोकदार भिंत पाण्याला दोन्हीकडे फाकवते, रेटा तिरपा लागतो आणि भोवरे जोत्यापासून दूर सरकतात. जुन्या पुलांच्या खांबांना वरच्या अंगाला टोक काढतात ते याच कारणाने.

भिंतीजवळ उभं राहून तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली, दगडांचे सांधे. घडीव दगड एकमेकांवर इतके चपखल बसवलेले असतात की सुरीचं पातं जात नाही, निदान जिथे नंतर कुणी हात लावलेला नाही तिथे. दुसरी, आडव्या थरांची उंची. खालचे थर जाड आणि वरचे क्रमाने बारीक होत गेलेले दिसले तर ते मूळ बांधकाम समजावं. मध्येच एखादा थर वेगळ्या उंचीचा लागला तर तिथे दुरुस्ती झालेली असण्याची शक्यता मोठी. तिसरी, पुराच्या खुणा. दगडावर पाण्याच्या पातळीची फिकट आडवी रेघ आणि भेगांत अडकलेला गाळ शोधावा. मग जोत्याकडे, घाटाच्या पायऱ्यांकडे आणि खालच्या पाण्याकडे एकदा नजर टाकावी. पाणी किती चढलं की कुठली पायरी बुडते याचा अंदाज आला की घाट एवढा उंच का, हे वेगळं सांगावं लागत नाही.

वर शिखराकडे बघावं. मराठा काळातल्या देवळांत बहुधा खालचा भाग दगडाचा आणि शिखर विटा-चुन्याचं असतं. दगड एवढ्या उंचीवर चढवणं खर्चाचं, आणि त्याचं वजन खालच्या भिंतींना जड. विटेने वजन कमी होतं आणि चुन्याच्या गिलाव्यात कोनाडे, पाकळ्या, मूर्ती हवं ते घडवता येतं. पण याच जोडणीत दुखणंही आहे. दगड जवळजवळ पाणी पीत नाही, वीट भरपूर पिते. त्यामुळे अशा देवळाची गळती बहुतेक वेळा शिखरातून सुरू होते आणि डाग मात्र खाली मंडपात दिसतो. पिंपळ-वडाची रोपंही आधी शिखरावर उगवतात. पक्ष्यांच्या विष्ठेतून बी येतं, विटांमधल्या ओलसर चुन्यात रुजतं. रोप वरून कापलं की दोन पावसाळ्यांत दुप्पट जोमाने येतं, कारण मुळं आतच राहिलेली असतात. मुळं सोडवायची तर तेवढा भाग जपून उकलावा लागतो आणि पुन्हा चुन्यातच बांधावा लागतो. हे काम कष्टाचं असल्याने टाळलं जातं, आणि एक दिवस भेग बोटभर रुंद होते.

चुना आणि सिमेंट

इथे थोडं थांबायला हवं, कारण वाईच्या प्रत्येक घाटावर आणि प्रत्येक वाड्यात हा विषय पुन्हा भेटतो.

जुना गारा, म्हणजे दगड-विटा जोडायचा चुन्याचा लगदा, करायची रीत अशी: चुनखडी भट्टीत भाजायची, पाण्यात विरवायची, निदान दोन-तीन आठवडे तशीच ठेवायची. मग एक भाग चुन्याला दोन ते तीन भाग वाळू घेऊन घाणीत घालायची. घाणी म्हणजे जमिनीतला गोल चर आणि त्यात बैल फिरवतील ते दगडी चाक. जिथे पाण्याचा संबंध येतो तिथे वाळूचा काही भाग काढून विटांचा भुगा, म्हणजे सुरखी घालायची. त्याने गारा ओलीतही घट्ट होतो. गूळ, हिरडा, बेलफळाचा गर यांचं पाणी कारागिराच्या हिशोबाने पडायचं. असा गारा लवकर घट्ट होत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेत तो वर्षानुवर्षं हळूहळू पुन्हा चुनखडी होत जातो. त्यात थोडी लवचीकता राहते, आणि मुख्य म्हणजे आत शिरलेलं पाणी त्यातून वाफ होऊन बाहेर पडतं.

सिमेंट या सगळ्याच्या उलट वागतं. ते कडक, ताठ आणि पाणी अडवणारं. दगडी भिंतीचे सांधे सिमेंटने भरले की पहिली दोन-तीन वर्षं काम टापटीप दिसतं. पण पाणी जमिनीतून वर चढतच असतं आणि शिखरातून खाली उतरतच असतं. दगडातून ते बाहेर पडू शकत नाही, आता सांध्यातूनही नाही. ते आत साठतं आणि जिथे मऊ वाट सापडेल तिथून फुटतं: विटेतून, कोरीव कडेतून, आतल्या रंगवलेल्या गिलाव्यातून. सोबत आणलेले क्षार पृष्ठभागावर सोडून जातं. त्यालाच आपण लोणा म्हणतो. लोणा लागलेली भिंत पुन्हा सिमेंटने लिंपली की दुखणं फक्त हातभर वर सरकतं.

ओळखायचं कसं? चुना पिवळसर पांढरा आणि नखाने किंचित खरवडेल असा असतो, त्यात चुन्याच्या पांढऱ्या गुठळ्या आणि विटकरी कण दिसतात. सिमेंट करडं, एकजीव आणि कडेला दगडापासून केसाएवढी फट सोडून सुटलेलं असतं. ही फट फार घातकी. तिच्यातून पाणी आत जातं आणि बाहेर यायला वाट नसते. घाटावर सकाळच्या एका फेरीत दोन्ही प्रकार शेजारी शेजारी बघायला मिळतात. तेलरंगाचाही परिणाम असाच. दगडी खांबाला लावलेला चकचकीत रंग म्हणजे त्या खांबाला घातलेला रेनकोट; आतला घाम आतच. रंग काढायला वाळूचा फवारा मारतात तेव्हा टाकीकामाची धार जाते, आणि गेलेली धार परत आणता येत नाही.

काशीविश्वेश्वर

गणपतीच्या शेजारीच काशीविश्वेश्वराचं देऊळ आहे. ते आनंदराव भिकाजी रास्ते यांनी १७५७ मध्ये बांधलं. दोन देवळांत पाच वर्षांचं अंतर, आणि त्या पाच वर्षांत पानिपत झालं. रास्त्यांचा पेशव्यांशी संबंध नुसता सरदारकीचा नव्हता. भिकाजी नाईक रास्ते यांची मुलगी गोपिकाबाई म्हणजे नानासाहेब पेशव्यांची पत्नी. जानेवारी १७६१ मध्ये तिचा मुलगा विश्वासराव पानिपतावर पडला, जूनमध्ये नवरा गेला, आणि दुसरा मुलगा माधवराव पेशवेपदी बसला. त्याच्या पुढच्याच वर्षी तिच्या माहेरच्या गावात नदीकाठी एवढं मोठं गणपतीचं देऊळ उभं राहतं. फेरीत लोकांना तारखा सांगायच्याच असतील तर या दोन अशा जोडीने सांगाव्यात, म्हणजे लक्षात राहतात. नुसती सनावळी ऐकवली की तिसऱ्या देवळापाशी सगळ्यांची नजर मोबाइलवर जाते.

इथे नंदी बघावा. काळ्या पाषाणाला इतकी झिलई आहे की तो धातूचा वाटतो. झूल, गळ्यातल्या माळा, घुंगरं वेगवेगळी कोरलेली आहेत. विजेरी समोरून न मारता एका बाजूने, दगडाला जवळजवळ टेकवून धरावी. मग उठाव दिसतो. पुसट शिलालेख वाचायचीही हीच युक्ती. कॅमेऱ्याचा फ्लॅश समोरून पडतो आणि अक्षरं धुऊन टाकतो. अक्षरं उठावीत म्हणून खडू, पीठ, हळद किंवा तेल चोळणारे लोक असतात. त्यांना तिथेच अडवावं. तेल दगडावर धूळ धरून ठेवतं, आणि खडू कोरीव खाचांत जाऊन बसतो तो निघत नाही.

आवारातल्या दीपमाळांना बाहेर आलेले दगडी हात असतात. त्यांचा उपयोग दुहेरी: त्यांवर पणत्या ठेवतात आणि त्यांवरच पाय देत वर चढतात. त्रिपुरी पौर्णिमेला त्या पेटतात. एरवी त्यांवर चढू नये. वर्षानुवर्षं ऊन-पाऊस खाल्लेला हात मुळाशी तडकलेला असू शकतो आणि खालून ते कळत नाही.

नदीच्या कडेने

पुढचा टप्पा धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह असा घाटाघाटाने चालायचा. पाण्याची पातळी बरी असेल तर बराचसा भाग खालूनच करता येतो. जिथे वाट तुटते तिथे आळीत चढून पुढच्या घाटाला उतरावं. घाईने उरकला तर हा तुकडा वीस मिनिटांचा आहे. त्याला पाऊण तास द्यावा.

घाट म्हणजे नुसत्या पायऱ्या नव्हेत. मागे मातीचा भराव, पुढे तो अडवणारी दगडी भिंत, तिला लागून पायऱ्या, मध्येमध्ये सपाट टप्पे आणि बाहेर आलेले बुरजासारखे चौथरे. हे चौथरे पायऱ्यांच्या लांबलचक रांगेला आधार देतात आणि कडेने घासत जाणाऱ्या प्रवाहाला किनाऱ्यापासून थोडं बाहेर ढकलतात. त्यांच्या सावलीतल्या पायऱ्यांवर पाणी मंद असतं, म्हणूनच तिथे स्नान आणि धुणं चालतं. टप्प्यांवर छोटी देवळं, कोनाडे, वृंदावनं असतात.

पायऱ्यांना पुढे किंचित उतार ठेवलेला असतो, पाणी निथळावं म्हणून. भराव खचला की पायरी मागे कलते, तिच्यावर पाणी साठतं, शेवाळ धरतं. घाटावर लोक घसरतात ते बहुतेक अशाच कललेल्या पायऱ्यांवर. हिरवी-काळी चमक दिसली की तिथे आधी टाच न टेकता पूर्ण पाऊल सपाट टाकावं, आणि पायरीच्या मधल्या झिजलेल्या भागाऐवजी कडेने चालावं. दोन दगड लोखंडी पट्टीने जोडून त्यात शिसं ओतायची जुनी रीत होती. शिसं निघून गेलं की लोखंड गंजतं, गंज फुगतो आणि दगडाचा कोपरा उडतो. घाटाच्या काठाच्या दगडांवर इंग्रजी आय किंवा डमरूसारख्या आकाराची रिकामी खाच दिसली तर तिथली पट्टी निघून गेली आहे असं समजावं.

कुठल्या महिन्यात यावं हे काय बघायचं त्यावर ठरतं. एप्रिल-मेमध्ये पाणी उतरतं आणि एरवी बुडालेल्या खालच्या पायऱ्या उघड्या पडतात, पण उकाडा असतो आणि साचलेल्या पाण्याला वास येतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी चालायला उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये घाट वरूनच बघावा. वाईत ऊन पडलेलं असलं तरी वर धोम धरणातून पाणी सोडलं की पातळी चढते, त्यामुळे 'पाऊस थांबलाय' हा आधार धरू नये.

माघापासून पुढे कृष्णाबाईचे उत्सव सुरू होतात. प्रत्येक आळीचा उत्सव वेगळा आणि पाळीपाळीने येणारा: नदीची देवी म्हणून कृष्णाबाईची मूर्ती घाटावर मांडवात बसते, कीर्तनं होतात, जेवणावळी होतात. परंपरा असं सांगते की अफजलखानाच्या स्वारीच्या वेळी बोललेल्या नवसातून हा उत्सव सुरू झाला. वाई ही खानाच्या सुभेदारीचीच जागा, आणि १६५९ मध्ये प्रतापगडाकडे निघण्याआधी त्याचा तळ इथेच होता. उत्सवात मांडवामुळे पायऱ्या दिसत नाहीत, पण घाट कशासाठी बांधला ते दिसतं. ज्याला बांधकाम बघायचं त्याने डिसेंबर निवडावा, ज्याला गाव बघायचं त्याने उत्सव. रंगपंचमीला मात्र शेजारच्या बावधन गावचं बगाड, म्हणजे नवसाच्या माणसाला टांगून नेणारा उंच लाकडी गाडा, असतं. तो सोहळा बघायचा तर त्यासाठीच यावं. त्या दिवशी फेरी ठेवली तर रस्ते आणि माणसं दोन्ही हाताबाहेर असतात.

आळ्यांतून गंगापुरी

घाट सोडून आळ्यांत शिरलं की नजर खाली ठेवावी, जोत्यांकडे. नदीच्या जवळच्या घरांची जोती उंच, ओट्याला चार-पाच पायऱ्या. वर जावं तशी ती कमी होत जातात. जुनं घर पाडून नवी इमारत झाली तरी कित्येकदा दगडी जोतं तेच ठेवलेलं सापडतं. पुढची भिंत पाडलेल्या घरात विटांचे थर उघडे पडतात: जुनी वीट पातळ आणि रुंद, हल्लीची जाड. दारावरची गणेशपट्टी आणि दिंडी दरवाजाचे खिळे सगळेच बघतात. त्याऐवजी उंबऱ्याशेजारचा दगड बघावा; त्यावरची झीज घराचं वय बऱ्यापैकी प्रामाणिकपणे सांगते. ओटा हा घराचा भाग आहे हे विसरू नये. विचारल्याशिवाय त्यावर टेकायचं नाही आणि उघड्या दारातून आतले फोटो काढायचे नाहीत.

गंगापुरीत प्राज्ञपाठशाळा आहे. नारायणशास्त्री मराठे, म्हणजे पुढचे स्वामी केवलानंद सरस्वती, यांनी उभी केलेली. विनोबा भावे गांधीजींच्या आश्रमातून रजा घेऊन १९१७ मध्ये इथे वेदान्त शिकायला आले होते. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी याच पाठशाळेचे, आणि मराठी विश्वकोशाचे प्रमुख संपादक असलेले ते वाईत राहिले म्हणून विश्वकोशाचं कार्यालयही मुंबई-पुण्याला न जाता गंगापुरीत आलं. विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. बाहेरून या वास्तू साध्या आहेत आणि फेरीतले लोक इथे 'बघायचं काय?' असं विचारतात. पाच मिनिटं थांबून हे सांगितलं तरी पुरतं. रास्त्यांच्या मोतीबाग वाड्यातली भित्तिचित्रं बघायची असतील तर आधी परवानगी काढून ठेवावी; ऐनवेळी दार ठोठावून काही होत नाही.

फेरी घडवून आणणाऱ्यांसाठी दोन शब्द. बारा माणसांच्या वर तुकडी नेऊ नये. तेरावा माणूस ऐकू येत नाही म्हणून मागे राहतो आणि त्याच्याबरोबर आणखी दोघं. बोलायच्या जागा आधी ठरवाव्यात: सावली, एका बाजूला भिंत, आणि वाट अडणार नाही असा कोपरा. मंडपात भाषण करू नये. घंटेचा आवाज असतो आणि दर्शनाला आलेल्यांना त्रास होतो. संकष्टी, अंगारकी आणि शनिवार-रविवार टाळावेत. दर्शन फेरीच्या आत घ्यायचं असेल तर सकाळी लवकरच उरकावं. दहानंतर पाचगणीच्या गाड्या यायला लागतात आणि रांगेत अर्धा तास जातो.

मेणवली

मेणवली वाईपासून नदीच्या वरच्या अंगाला सुमारे तीन किलोमीटर. चालत चाळीस मिनिटं, रिक्षाने दहा. साडेदहाच्या सुमारास पोचावं, आधी नको. वाड्यातल्या खोल्यांना उजेड चौकातून मिळतो आणि सूर्य चढल्याशिवाय तो आत उतरत नाही.

हे गाव नाना फडणविसांना १७६८ मध्ये मिळालं. त्यांनी नदीकाठी वाडा, घाट, मेणेश्वराचं आणि विष्णूचं देऊळ असं एकत्र बांधून काढलं. वाईत घाट आळीचा, म्हणजे सगळ्यांचा. मेणवलीत वाड्याच्या मागच्या दारातून उतरलं की घाट लागतो. हा फरक जागेवर जाणवतो.

वाडा सहा चौकांचा आहे. लाकडी खांब सुरूच्या झाडाच्या आकाराचे, खाली दगडी तळखडे. तळखडा नुसता शोभेचा नाही. जमिनीतली ओल खांबाच्या पायाला लागू नये म्हणून तो आहे. नंतर फरशी घालून जमीन उंच केली की तळखडा बुडतो आणि दहा-वीस वर्षांत खांब खालून कुजतो. छत कडीपाटाचं: तुळयांवर जवळजवळ कड्या, त्यांवर फळ्या, वर मातीचा थर. छत कसं आहे ते मधोमध बघून कळत नाही, तुळईची टोकं भिंतीत शिरतात तिथे बघावं. भिंतीतली ओल तिथे लाकडात जाते. तिथे मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी, खाली पिवळसर भुसा पडलेला असला तर भुंगा. म्हणूनच वरच्या मजल्यावर एका वेळी सहा-आठ जणांहून जास्त चढू नये आणि खोलीच्या मध्यभागी घोळका करू नये. भिंतीच्या कडेने पांगून उभं राहावं. वरच्या खोलीतल्या चित्रांना हात लावू नये, पाठही टेकू नये. चुन्यावरचा रंग सुटा होत आलेला असतो आणि कपड्याला लागून निघतो. वाडा खासगी मालकीचा आहे. देखरेख करणाऱ्यांना विचारून, मागतील ते शुल्क देऊन आत जावं.

मग घाट. तो अर्धचंद्राकार वळवलेला आहे. वाईत पायऱ्यांच्या सरळ रांगा बघून आल्यावर हा बाक लगेच डोळ्यात भरतो. देवळाजवळच्या लहानशा बांधकामात मोठी घंटा टांगली आहे, सुमारे साडेसहाशे किलोची. तिच्यावर १७०७ हा सन आणि बाळ येशूला घेतलेल्या मेरीची उठावाची आकृती आहे. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर पोर्तुगीजांच्या चर्चमधल्या ज्या घंटा मराठी मुलखात आल्या, त्यांतली ही एक. नाशिकची नारोशंकराची घंटा त्याच स्वारीतली. आकृती बघायला पुन्हा विजेरीची तिरपी रीत वापरावी. जोरात टोल देऊ नये. एवढी जुनी ओतीव घंटा एकदा तडकली की तिचा नाद जातो आणि डाग देऊन तो परत येत नाही.

जोर उरला असेल आणि वाहन असेल तर आणखी वर धोमला जाता येतं. तिथे कमळाच्या आकाराच्या दगडी कुंडात कासवाच्या पाठीवर नंदी बसवलेला आहे. कुंडात पाणी असलं तरच त्या रचनेची गंमत कळते, तेव्हा कोरड्या महिन्यांत निघण्यापूर्वी मेणवलीतच कुणाला तरी विचारून घ्यावं. वाईला परतताना दुपारी एक ते चारच्या दरम्यान एसटीच्या भरवशावर राहू नये, रिक्षावाल्याला थांबवून ठेवावं आणि परतीचा दर आधीच बोलून घ्यावा.